कवळीताईचं शिफारसपत्र

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ती लोकांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन आत पाठवत, ती त्यात प्लास्टर ओतायची, मेण लावायची, एकेक दात बसवून घासूनपुसून गुळगुळीत करायची. वीस-बावीस वर्षं हेच चाललं होतं. रस्त्यात एखादे आजोबा हसले की तिला चेहऱ्याआधी वरची कवळी ओळखू यायची.

कॉलेजात तिचा विषय तत्त्वज्ञान होता. पुढे शिकायचंही होतं, पण वडील अचानक गेले, घरात कमावणारं कोणी उरलं नाही, म्हणून तिने हातात काम देणारा कोर्स केला. मग लग्न झालं, मुलगी झाली. तत्त्वज्ञान जे माळ्यावर गेलं ते तिथेच राहिलं.

ते खाली उतरलं एका गिऱ्हाइकामुळे. एक दिवस मधल्या वयाचा एक माणूस दवाखान्यात आला आणि त्याने रुमालात गुंडाळलेली कवळी तिच्यासमोर ठेवली.

"तुम्ही वडिलांना करून दिली होती. ते गेले. टाकवत नाही, आणि घरात ठेवली की बायको घाबरते. तुम्ही परत घ्याल का?"

तिने घेतली. पण तिलाही ती टाकवेना. दुसऱ्या कोणाच्या तोंडात ती बसणार नव्हती, म्हणजे उपयोग शून्य. मग ही वस्तू आता कोणाची? मुलाची? आपली? की गेलेल्या माणसाचीच? हा किडा डोक्यात शिरला तो काही केल्या बाहेर निघेना. ती ग्रंथालयातून पुस्तकं आणू लागली, वाचता वाचता भाजी करपवू लागली. शेवटी एकदा तिने घरात जाहीर करून टाकलं, "मी एम.ए.ला अर्ज करणार आहे. तत्त्वज्ञानात."

नवरा बस डेपोत मेकॅनिक होता आणि मोजकंच बोलायचा. तो म्हणाला, "कर की." मुलगी मात्र सोळा वर्षांची होती. "आई, माझ्या ॲडमिशनच्या वर्षीच तुला सुचायचं होतं? आता कॉलेजात आपण दोघी मैत्रिणी का?" असं म्हणत तिने कपाळाला हात लावला, आणि तोच हात खाली घेऊन आईसाठी विद्यापीठांच्या वेबसाइट उघडल्या.

चार ठिकाणी अर्ज करायचं ठरलं. सगळ्यांना एक निबंध हवा होता आणि दोन शिफारसपत्रं. पहिलं पत्र डॉक्टरांनी हौसेने लिहून दिलं. 'बाईंचा हात अत्यंत हलका असून त्यांच्या कामाबद्दल आजवर एकही तक्रार नाही.' मुलगी ते वाचून इतकी हसली की तिला ठसकाच लागला.

दुसरं पत्र शिकवणाऱ्या कोणाचं तरी हवं होतं. शोधाशोध केल्यावर कळलं, कॉलेजातले सर निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहतात. ती संत्री घेऊन गेली. सरांच्या घरात फ्रिजवरसुद्धा पुस्तकांची चळत होती. ते बोलू लागले तशी त्यांची खालची कवळी टकटक वाजू लागली, आणि हे काम कोणा घाईवाल्याचं आहे हे तिने मनातल्या मनात ताडलं.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी. खिडकीजवळ बसायचे."

सरांनी तिला नीट न्याहाळलं. "खिडकीजवळ बरेच जण बसायचे. बाहेर बघायची सोय होती. तू नाही आठवत मला."

तिने चाचरत पत्राचं सांगितलं.

"जी मला आठवत नाही तिच्याबद्दल लिहू काय? खोटं?"

"सगळेच लिहितात, सर."

"म्हणून तर त्या पत्रांना कोणी विचारत नाही."

तोंडात मारल्यासारखी ती उठली. चपला घालत होती तेवढ्यात मागून प्रश्न आला, "पण हे खूळ या वयात आलं कुठून?"

रागाच्या भरात तिने उभ्याउभ्या रुमालातल्या कवळीची गोष्ट सांगून टाकली. सर ऐकत खुर्चीच्या कडेला आले.

"मग कोणाची ती?"

"त्यांचीच."

"ते तर नाहीत."

"नाहीत. तरी त्यांचीच."

"का?"

तिने हातातली दुसरी चप्पल खाली ठेवली.

"शनिवारी उत्तर घेऊन ये," सर म्हणाले. "तुला ओळखायला लागलो तर पत्र लिहीन. नाही लागलो तर नाही लिहिणार. संत्री ठेवून जा."

त्यानंतर दर शनिवारी दवाखाना सुटला की ती बस पकडून जाऊ लागली. सर तिच्या निबंधाची अशी काही चिरफाड करायचे की पहिले दोन शनिवार ती परतताना बसमध्ये डोळे पुसत होती. "हे 'साहजिकच' काढ," ते म्हणायचे. "कारण सापडलं नाही की माणूस साहजिकच लिहितो." ती काढायची. पुढच्या आठवड्यात तिथे कारण शोधून आणायची, आणि सर त्या कारणाला भोक पाडायचे.

एकदा सरांनी हट्टच धरला. मेलेल्या माणसाचं काही नसतं, मालकी ही जिवंत लोकांनी केलेली सोय आहे, बाकी सगळा हळवेपणा. त्या दिवशी ताईचं डोकं फिरलं.

"मग बाईंचा चष्मा अजून त्या कपाटात का ठेवलाय? तुम्हाला तर तो लागत नाही!"

कपाटातला तो चष्मा सरांच्या पत्नीचा होता. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्या तोंडून हे काय निघालं, हे कळताच ती माफी मागायला पुढे झाली.

सरांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हा युक्तिवाद नाही, टोमणा आहे. पण टोमण्याच्या पोटात युक्तिवाद आहे. तो बाहेर काढ."

तिने तो काढला. गेलेल्याचा हक्क संपत असेल, पण मागे राहिलेल्यांनी त्या वस्तूशी कसं वागायचं हे अजून तोच माणूस ठरवत असतो, अशा धाग्यावर तिने सगळा निबंध उसवून नव्याने विणला. तो वाचून सरांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

"आता ओळखतो तुला," ते म्हणाले.

तिने त्याच बैठकीत हळूच विचारलं, "सर, तुमची खालची कवळी नीट करून देऊ का?"

"आधी पत्र जाऊ दे. नाहीतर लाच होईल."

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर दवाखान्यात हजर झाले आणि डॉक्टरांसमोर आ वासून बसले.

मग वाट पाहणं आलं. पहिल्या विद्यापीठाने छापील नकार पाठवला. दुसऱ्याने नकाराबरोबर शुभेच्छाही दिल्या, त्या तिला जास्त लागल्या. तिसऱ्याने काहीच कळवलं नाही. ती पुन्हा मुकाट्याने मेण आणि प्लास्टरमध्ये गुंतली आणि घरात कोणी विषय काढेना. अशात चौथ्या ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं. शेजारच्या शहरातलं विद्यापीठ, मुलाखत कॉम्प्युटरवर.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती बसली. नवऱ्याने धुण्याचं मशीन बंद केलं, आणि कोणी बेल वाजवू नये म्हणून स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला. पडद्यावर तिघं होते. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या निबंधातला सगळ्यात कच्चा भाग कोणता?"

घासून ठेवलेली उत्तरं सगळी बाजूला राहिली. "शेवटचं पान," ती म्हणाली. "तिथे मी पटवत नाही, विनवते."

बाई हसल्या आणि पुढे अर्धा तास तिघं त्या शेवटच्या पानावरच तिच्याशी भांडत बसले. मुलाखत आहे हे ती विसरूनच गेली.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा ती एका आजींच्या कवळीला शेवटचा हात देत होती. तिने आधी ते काम पुरं केलं आणि मग डॉक्टरांकडे गेली. आठवड्यातून तीन सकाळी वर्ग होते. नोकरी जाणार की काय, अशी तिला धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, "सकाळी लोकांना दात घासू दे. कवळ्या आपण दुपारी करू." तिचा जीव भांड्यात पडला. सरांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "छान. आता खरा त्रास सुरू."

तो झालाच. वर्गात तिच्याहून मोठं कोणी नाही. पहिल्या निबंधाला गुण बेताचे पडले. संध्याकाळी मान अशी आखडते की वळवता येत नाही. मुलगी दुसऱ्या कॉलेजात गेली, आणि परीक्षेच्या दिवसांत दोघींची टेबलावरून वादावादी होते.

सध्या ती वचन या विषयावर लिहिते आहे. परवा जेवताना तिने नुसतं बोलून दाखवलं, की वीस वर्षांपूर्वी वचन देणारा माणूस आज पार बदलला असेल, तर ते पाळायचं कोणी? नवऱ्याचा घास हातातच थांबला.

"इंजिन बदललं म्हणून बसचा मार्ग बदलतो का?" तो म्हणाला.

"पण बाबा, माणूस म्हणजे बस नाही," मुलगी उसळली.

"का नाही?" ताईने विचारलं, आणि पाण्याचा जग मध्ये ओढून खुर्ची पुढे घेतली.