अळणी डबा

तर पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या स्वप्नीलला अक्षदाने दारातच अडवलं, इथवर आलो होतो आपण काल. करी रोडच्या चाळीत नवरा पेढे घेऊन आला की बायको आधी पुडा घेते. ही बया त्याचे डोळे बघत होती!

"काल नीट झोपलास ना?"

"अगं, गणपतीतल्या डबलबारीत बुवांनी पखवाज मला दिलाय. ऐक तरी!"

"गोळी?"

"घेतली, पोलीसबाई."

डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, आणि स्वप्नीलचा हात म्हणजे काय विचारता! पण तीन वर्षांपूर्वी आनंद असाच घरात शिरला होता. तेव्हा ह्याला झोप नकोशी झाली. पखवाज बडव बडव बडवला, साऱ्या चाळीला जेवायचं आवतण दिलं, नोकरी सोडायला निघाला. मग सगळं उतरलं, तसा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाढीसुद्धा करेना. परळच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, बायपोलर. मनाला कधी उधाण, कधी पार ओहोटी. नीट नांदता येतं, म्हणाल्या, पण लिथियमची गोळी, वेळेवर झोप आणि रक्ताची तपासणी सोडायची नाही.

तेव्हापासून नवरा खुशीत दिसला की ही आधी त्याची झोप मोजते.

पेढे संपतात न संपतात तोच स्वप्नीलच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. हात थरथरत, जिना उतरताना झोक जाई. गोळ्या फेकतोय हा! अक्षदाने पाकीट तपासलं. गोळ्या बरोबर. मग नजर सासूकडे वळली. ही ओट्याजवळ आली की मीराबाई लगबगीने झाकण का लावतात? संध्याकाळी तिने नवऱ्याचा उरलेला डबा उघडून भोपळ्याची भाजी चाखली. मिठाचा कण नाही!

"आई, मीठ विसरलात?"

"इसराक नाय गो. रवळनाथाक गाऱ्हाणां घातलंय. झील बरो रवांदे म्हणान श्रावणभर अळणी."

"आणि तू गपचूप खातोस?"

"आईने लेकासाठी बोललेला नवस कसा मोडू?" स्वप्नील म्हणाला, तेही जड जिभेने.

फोन केला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाल तसे निघा. रक्तात लिथियम वाढलेलं निघालं. "मीठ तोडलं की शरीर लिथियम धरून ठेवतं. या गोळीवर मीठ-पाणी नेहमीसारखंच हवं." गोळी थांबवून सलाईन लावलं. मीराबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मगे मीच खातंय अळणी. देवाक चलात."

रक्त ताळ्यावर आल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. राहिला प्रश्न पखवाजाचा. डॉक्टरीणबाईंची एकच अट होती, झोपेची वेळ चुकवायची नाही. बुवाही समजूतदार. पहिली बारी वाजव आणि घरी जा, म्हणाले. स्वप्नील डब्याच्या झाकणावर बोटं नाचवत खुदकन हसला, आणि अक्षदाच्या कपाळावर आठी!

"खरं सांग, आतून कसं वाटतंय? जास्त तर नाही ना होत?"

"नाही गं, जेवढं व्हायला हवं तेवढंच होतंय. तू विचारत राहा, मला बरं वाटतं. फक्त आधी माझं हसून होऊ दे."