नियमाची घडी

एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, अशा अवस्थेत काका आमच्या दारात उभे राहत आणि विचारत, "काय गो बाय, नियम बदलला काय?" उत्तर ऐकल्याशिवाय दुसरी चप्पल निघत नसे. उत्तर वाईट आलं तर पळायला बरं, असंच मला वाटायचं. चपलेचा तळ सुटलेला होता, फटक-फटक वाजायचा. जिन्यात ती वाजली की माझा नवरा चहाचं आधण वाढवायचा.

ओमानमध्ये, अझैब्यातल्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहत. रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते. मूलबाळ नाही, बायको गुहागरकडच्या गावात एकटी. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी भारतातल्या एका ट्रस्टमध्ये घातली होती. पुष्कळांचे पैसे एकत्र करून हे ट्रस्ट मोठमोठ्या ऑफिसांच्या इमारती घेतात आणि आलेलं भाडं सगळ्यांना वाटून देतात. त्या वाटणीवर दोघांनी म्हातारपण काढायचं, असा बेत. ज्याला पेन्शन नाही त्याने दुसरं करायचं तरी काय, सांगा.

बेत चांगला होता, पण त्या वाटणीवरचा कर काही एका जागी ठरेना. कर ट्रस्टने भरायचा की आपण, वाटणीत व्याज किती नि मुद्दल किती, मुद्दल म्हणून परत आलेल्यावरही कर का नको, असं बजेट आलं की काहीतरी निघायचंच. मला यातलं सगळं कळतं, अशी काकांची ठाम समजूत. मी टाइल्सच्या दुकानात हिशेब बघते. "काका, मी बिलं करते, कायदे नाही करत," म्हटलं की म्हणत, "आकडे ते आकडेच ना गो!"

इथे ओमानमध्येही पगारावर कर येणार अशी बातमी आली, त्या दिवशी ते जेवले नाहीत. तो गलेलठ्ठ पगारवाल्यांसाठी आहे, आपल्यासारख्यांसाठी नाही, हे मी परोपरीने सांगितलं. "आज त्यांना, उद्या आपल्याला," काका म्हणाले. हसू यायचं, पण अशा काळजीची लागण होते. पुढेपुढे मीसुद्धा सकाळी डोळे उघडले की आधी मोबाइलवर त्या ट्रस्टची बातमी शोधू लागले.

त्यांच्या हॉलमध्ये एक खोका असायचा, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला, वर जाड मार्करने नाव, गाव, तालुका. आखातातला माणूस कायमचा निघाला की असा खोका बांधतो, तुम्हीही पाहिला असेल. काकांचा खोका दर हिवाळ्यात बांधला जाई आणि बजेट झालं की सुटे, कारण कुकर त्यातच असे. "यंदा नको. एकदा नियमाची घडी बसू दे, मग खलास, निघालोच!"

रोज संध्याकाळी बायकोला व्हिडिओ कॉल, आणि त्यात रोजचं एकच भांडण. "अगो, इकडे बघ! पंखा काय दाखवतेस मला? माझ्याकडे बघ!" मग आमच्याकडे वळून, "हिला अजून फोन धरता येत नाही." काकींना काचबिंदू आहे हे आम्हाला ठाऊक होतं. "थेंब घालते, बरं आहे म्हणते," काका सांगत, आणि आम्ही पुन्हा करावर यायचो.

त्या डिसेंबरात मी सुट्टीवर निघाले. इकडच्या रिवाजाप्रमाणे काकांनी घरी द्यायला खजुराचा डबा नि बामच्या बाटल्या दिल्या. तो घेऊन त्यांच्या गावी पोचले, तर काकींनी दारातच माझा हात धरला. डबा सगळीकडून चाचपला. चहा ओतताना कपात बोट धरलं, भरला की नाही ते कळायला.

"काकी, कितपत दिसतं?"

"उजेड कळतो," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "त्यांना सांगू नकोस हां. आधीच जीव टांगणीला लागलाय त्यांचा. घडी बसली की येतीलच."

परत आले त्याच दिवशी मी काकांना सांगितलं. सांगू नये असं मला क्षणभरही वाटलं नाही. ते नेहमीसारखे खुर्चीच्या टोकावर बसले होते, एक चप्पल पायात.

"मी रोज ओरडत होतो गो तिच्यावर," एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. अर्बाब, म्हणजे कारखान्याचा मालक, चकित होऊन म्हणाला, "अरे, बजेटनंतर जा ना!" इतकी वर्षं ऐकून त्यालाही पाठ झालं होतं. काका म्हणाले, पगार काप, पण आत्ता सोड. खोका पहिल्यांदाच जिना उतरला, कुकरसकट. विमानतळावर आत जाता जाता ते वळले. "बदलतील काय गो यंदा?"

"इन्शाल्ला, नाही," मी म्हटलं. मला कुठे काय माहीत होतं!

बजेटच्या सकाळी दुकानात कानाला फोन लावून मी सगळं भाषण ऐकलं. मग बातम्याही धुंडाळल्या. त्या ट्रस्टांच्या कराला यंदा कोणी हात लावला नव्हता. लगेच मी गुहागरला फोन लावला. "काका, बसली घडी! काही बदललं नाही!"

"हो काय? बरं झालं," ते म्हणाले. मागे ती चप्पल वाजत होती, फटक-फटक, अगदी सावकाश.

"अजून तीच चप्पल?"

"ही टाकू देत नाही. मी कुठे आहे ते कळतं म्हणते." मग फोन तोंडापासून लांब गेला. "सावकाश गो. इथे पायरी आहे."