कडेला बसलेली अम्मी

गुलशनआपांना त्यांच्या अम्मीचा चेहरा हवा होता, आणि तो मी कापून टाकला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःचंच कौतुक करायला लागलो तर कुणी ते मनावर घेऊ नये.

क्रांती चौकामागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आपा राहायच्या हर्सूलला. नवऱ्यानं टाकल्यावर त्या आईकडं परत आल्या, काही वर्षं शिवणकाम केलं आणि मग व्हिडिओ शूटिंग शिकल्या. शूटिंगवाले शहरात पैशाला पासरी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत बायकांच्या मेंदीला पुरुषाला कोण उभं करणार? तिथं आपाच लागायच्या.

त्यांनी एकटीनं जायचं कसं, म्हणून अम्मी सोबत असायची. कॅमेऱ्याच्या स्टँडपासून दोन पावलं पुढं, डाव्या कडेला खुर्ची टाकून, मांडीवर बॅटऱ्यांची पिशवी घेऊन बसायची. लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे व्रण चेहराभर होते. त्यामुळं फोटोचं नाव काढलं की ओढणी थेट नाकापर्यंत. मला बघून मात्र ती तोंड भरून हसायची आणि दुकानात आली की माझ्याच स्टुलावर बसून मलाच उभं ठेवायची.

या कामाची एक अट होती. मेंदी झाली की आपांनी घरी टेप कॉम्प्युटरात उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन सगळ्या बायकांसमोर ती पुसायची. पुसायची म्हणजे लेन्सला झाकण लावून टेप पहिल्यापासून पुन्हा भरायची. तासभर कॅमेरा अंधार भरत बसायचा, आणि आपा नि अम्मी चहा पीत बसायच्या. पुढं सीडी हातात दिली की कॉम्प्युटरातलंही काढून टाकायचं. आपांनी ही अट एकदाही मोडली नाही, म्हणून तर त्यांना बोलावणी यायची.

मग आपांनी हाय डेफिनिशनचा सेकंडहँड कॅमेरा घेतला. चित्र असं की मेंदीची रेघ न् रेघ मोजावी. पण त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा, एवढं चित्र बघितलं की जागीच बसायचा. मी तोडगा काढला. टेपवर ते बारकाव्याचं चित्र तसंच राहू द्यायचं, बाहेर पडताना कॅमेऱ्यानंच ते साधं करून द्यायचं. मात्र आधी कॅमेऱ्याचं सेटिंग बदलायचं, मग वायर जोडायची. वायर आधी जोडली तर कॅमेरा सेटिंग बदलूच देत नाही. आपांनी हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

पुढं नवीच कटकट निघाली. कॅमेऱ्याचं चित्र रुंद, लोकांचे टीव्ही चौकोनी, त्यामुळं वरखाली काळ्या पट्ट्या. एका बाईंनी सीडी परत आणून आपटली. "अर्धी फिल्लम काळीच हाय की वो!" मी लगेच शहाणपणा केला. कडा कापून मधलंच चित्र पाठवायचं सेटिंग लावून दिलं. पडदा काठोकाठ भरला. आपा खूश, गिऱ्हाईक खूश आणि मी तर काय, आठवडाभर मिशीला पीळ देत होतो. डावी कडही कापली जात होती, पण तिथं कोण बसतं याचा विचार मला शिवलासुद्धा नाही.

दोन हजार तेराचा उन्हाळा आला. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता, आणि जालना रोडच्या नव्या लॉन्सवर मात्र टँकर लावून हिरवळ भिजवत होते. शेंद्र्याकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या होत्या, पैसा आला होता, लग्नं धडाक्यात लागत होती. करमाडच्या वासिफसेठच्या मुलीची मेंदी आपांनी केली. दुसऱ्या दिवशी टेप पुसली. त्यानंतर चौथ्या दिवशी अम्मी भर दुपारी टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होती, ती तिथंच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अम्मीच्या चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर आपा दुकानात आल्या. सोबत कुणी नव्हतं. स्टूल मोकळंच होतं, तरी त्या उभ्याच राहिल्या.

"हिमांशूभाई, अम्मीचा एक फोटो नाय माझ्याकडं. मतदानाच्या कार्डावर हाय, पण तो नुसता काळा डाग. करमाडचं सगळं अजून कॉम्प्युटरात हाय, सीडी द्यायचीय. ती समोरच बसली होती, कॅमेऱ्यात मला कडेला दिसत होती. मी सगळं बघितलं, ती कुठंच नाय. असं कसं?"

माझ्या लक्षात आलं. टेपवर ती होती. अगदी व्रणासकट, हसण्यासकट असणार. पण टेपवर आता अंधार होता आणि कॉम्प्युटरात मी कापलेलं चित्र. मी खरं ते सांगितलं. आपा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे मीच पुसली तिला."

मी त्यांच्यासोबत हर्सूलला गेलो. पडद्यावर दुसऱ्या घरच्या उघड्या चेहऱ्यांच्या बायका, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसलो. आपा बघत होत्या, मी विचारत होतो. एकदा म्हणाल्या, "हात दिसला. बॅटरी देती ती." पुन्हा बराच वेळ काही नाही. भिंतीकडं बघत असल्यामुळंच मला सुचलं. कॅमेऱ्यानं कडा कापल्या, आवाज कुठं कापला होता? सीडी बनवताना आपा त्यावर गाणी चढवायच्या, मूळ आवाज कधी ऐकायच्याच नाहीत.

"आपा, आवाज मोठा करा."

बांगड्या, ढोलक, हसणं आणि त्या सगळ्यापेक्षा जवळून, माइकच्या अगदी कानाशी, अम्मी. "गुलशन, पानी पी ले. कब की खडी है."

आपांनी तोंडात ओढणी कोंबली. मी भिंतीकडं बघतच त्यांना नुसता आवाज वेगळा कसा ठेवायचा ते सांगितलं. आवाजात कुणाचा चेहरा नसतो, त्यामुळं अटही मोडत नव्हती. त्यांनी तो ठेवला, आणि आठवड्यानं करमाडला सीडी देऊन आल्यावर चित्र पुसून टाकलं.

त्या आवाजात शेवटी आणखी एक वाक्य आहे. ते ऐकल्यावर मी भिंतीकडं तोंड करून रडलो, आणि आपांनी ते बघू नये म्हणून तसाच बसून राहिलो.

"मैं नईं आ री ना उसमें?" अम्मी विचारते.

"नईं आते, अम्मी," आपा हसत म्हणतात, "तुम बेफिकर बैठो."