हेट्रिकांच्या शर्टाचं शेपूट

डेलमर हेट्रिकसारखा नेमबाज त्या खोऱ्यात दुसरा नव्हता. कुणी म्हटलं नाही तर तो स्वतःच म्हणायचा. शाळा अर्ध्यात सोडून लाकडाच्या गिरणीत लागलेला माणूस. "अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं," तो सांगायचा, "पण गोळी कुठं लागते ते बघा!"

वरच्या डोंगरावर शिकारीची सामाईक खोपी होती. तिला सगळे कॅम्प म्हणत. कॅम्पच्या भिंतीवर कापडाचे तुकडे ठोकलेले. हरणावर ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे पाठीमागचं खालचं टोक, तिथंच कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि खिळा मारायचा. शेरीफचं शेपूट होतं, पाद्रीबाबाचं तर दोनदा. हेट्रिकांची चिंधीसुद्धा नव्हती. ना डेलमरची, ना त्याच्या बापाची, ऑर्विलची.

सप्टेंबरात ऑर्विल गेला. दफनाच्या दिवशी बाया रडत होत्या आणि डेलमर गाड्या कुठं लावायच्या ते दाखवत होता. नंतर चर्चच्या तळघरात डुकराचं मांस आणि बटाट्याचं सॅलड खाल्लं. मीठ होतं की नव्हतं, त्याला सांगता आलं नसतं. तेव्हापासून असंच. कॉफीनं जीभ पोळायची आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी साल निघाल्यावर कळायचं. बढाया मात्र तोंडातून आपोआप निघायच्या, नळ गळावा तशा.

कॅम्पचा एक नियम होता. मेलेल्या माणसाची हरणाची वाट बघत बसायची जागा त्याच्या रक्ताच्या माणसाची. पण शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या सकाळी ती रिकामी राहिली तर पत्ते काढून दुसऱ्या कुणाला द्यायची. ऑर्विलची जागा ओढ्यावरची, सगळ्यांचा डोळा तिच्यावर. डेलमरला स्वतःची जागा होती, आणि एक माणूस दोन ठिकाणी कसा बसणार? उरली नोरीन, त्याची धाकटी बहीण. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. लहानपणी नेम शिकताना तिच्या गोळ्या समोर ठेवलेल्या डब्याला कधी लागल्याच नाहीत. "पोरगी बंदुकीला भिते," ऑर्विल म्हणाला होता, आणि विषय संपला होता.

"मी बसते," नोरीन म्हणाली.

"तू? अगं, तुला पाव कापायची सुरी धरता येत नाही."

"मग बसू दे तिथं कुणालाही."

दुसऱ्या दिवशी दोघं बेवच्या दुकानात गेले. डेलमरनं बापाची, आता त्याच्याकडं आलेली, बोल्टची रायफल सोबत आणली होती, त्याच जातीची दुसरी बघायला. बेव म्हणजे दुकानाची मालकीण, सत्तरीची, तोंडानं फटकळ. तिनं कपाटातून तशीच रायफल काढली, बोल्ट उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि नोरीनच्या हातात दिली.

"डेल, ही बंदूक आहे की विजेचा खांब?" नोरीन म्हणाली.

"सवय होते. हेट्रिकांचं रक्त आहे तुझ्यात."

"रक्ताला होईल रे. खांद्याचं काय?"

"दस्ता लांब पडतोय," बेव म्हणाली. "मान बघ कशी बदकासारखी काढलीय. आणि बार काढल्यावर हिची लाथ खाऊन नवखा माणूस दुसऱ्या गोळीला डोळेच मिटतो. डेलमर, तू जरा गप्प बस. नोरीन, आता डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव आणि उघड. नेम धरायची माशी दिसते का?"

"नळीच्या टोकावरची? नाही."

दुसरी दिली, आखूड दस्त्याची. तीही नाही. तिसरी लिव्हरची होती, हलकी, जंगलातली साधी बंदूक. नोरीननं डोळे मिटले आणि नकळत ती डाव्या खांद्याला लावली.

"अगं, तो डावा!"

"डावा कुठला ते मला कळतं. शाळेत मी तुझ्याहून जास्त वर्षं बसलेय." तिनं डोळे उघडले. "दिसली. माशी दिसली."

बेवनं बंदूक खाली ठेवायला लावली. "दोन्ही हातांचा त्रिकोण कर. त्यातून भिंतीवरच्या त्या पेंढा भरलेल्या अस्वलाचं नाक बघ. आता डावा डोळा मीट."

"अस्वल पळालं."

"उजवा मीट."

"आहे जागेवर."

"हात उजवा असला तरी नेमाचा डोळा तुझा डावा आहे गं. मग डाव्या खांद्यानंच मार. लिव्हरचा दांडा मधोमध खाली असतो, त्याला डावंउजवं नसतं."

नोरीन अस्वलाकडंच बघत राहिली. "बाबा म्हणायचे, डावा मीट. मी मिटायचे, आणि डबा कुठं जायचा तेच कळायचं नाही."

डेलमरला इथं काहीतरी वाटायला हवं होतं. त्यानं वाट पाहिली. काही आलं नाही. "आमच्यात लिव्हर कुणी वापरली नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "घे."

खडीच्या खाणीत तिनं कागदी ताटलीला भोकं पाडली. त्याशिवाय कॅम्पात घेत नसत. "शिकवलं कुणी?" डेलमर सगळ्यांना विचारत फिरला.

पहिल्या सकाळी बर्फ भुरभुरत होतं. ओढ्यावरून एकच बार ऐकू आला. डेलमर तिकडं गेला. रक्त नाही, केस नाही, फक्त एका बर्चच्या झाडाची साल उडालेली.

"हरणाच्या वरून गेली," नोरीन म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस. मी म्हणतो बार माझा होता."

"मग तुझं शेपूट कापतील."



कॅम्पात तिनं स्वतःच सांगितलं. आरडाओरडा झाला, कुणीतरी कात्री आणून क्लेअर नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या हातात दिली. तिनं नारिंगी जाकीट उतरवलं. आत ऑर्विलचा लालकाळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट होता.

"याच्याइतका उबदार दुसरा नव्हता," ती म्हणाली.

म्हाताऱ्या क्लेअरनं कात्री मागं घेतली. "राहू दे पोरी. मेलेल्याचं कापड आहे."

"नियम आहे ना?" नोरीन म्हणाली. "मी बसले त्या जागेवर, मी चुकले."

डेलमरनं क्लेअरच्या हातातून कात्री ओढली. "हेट्रिकांचं शेपूट हेट्रिकच कापेल." लोकर जाड, कात्री बोथट. त्यानं कापलं, नाव लिहिलं, भिंतीशी गेला, खिळा धरला आणि हातोडी उगारली.

हातोडी अंगठ्यावर बसली.

तो हाताकडं बघत उभा राहिला. नखाखाली काळं उतरत होतं.

"दुखतंय," तो म्हणाला. जरा नवलानंच. "नोरी, दुखतंय गं."

"दुखणारच. हातोडी आहे ती."

मागून क्लेअर ओरडला, "अरे, नेम चुकला! डेलमर हेट्रिकचा नेम चुकला!"

खोपी हसण्यानं हादरली. डेलमरचे डोळे भरून आले होते, अंगठ्यानं म्हणा हवं तर. त्यानं चांगल्या हातानं पँटमधून शर्ट बाहेर ओढला आणि बहिणीकडं पाठ केली.

"काप," तो म्हणाला. "आणि सरळ काप. हेट्रिकांचं आहे."