नाडाछडीखालचा डाग

नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर झाला आणि मी संशयी झाले. म्हणजे आधी नव्हते असं नाही, पण आता पार हाताबाहेर गेले. केमोने त्याच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवल्या होत्या. साधी बुरशीसुद्धा जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काय! नर्सचे हातमोजे, उशीची खोळ, पाण्याची बाटली, सगळ्यांवर माझा डोळा.

तरी त्याच्या मनगटावर डाग उठलाच. मसुरीएवढा, लाल, आणि सकाळी बघते तर मध्ये काळा. मी नर्सवरच घसरले, "तुमच्या चिकटपट्टीनेच झालंय हे!"

तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी मनगटावरची नाडाछडी बोटाने उचलली. सासूबाईंनी मांडवीच्या देवळातून आणून बांधलेला पूजेचा लाल दोरा. आमच्याकडे तो कापत नाहीत, आपणहून गळेपर्यंत ठेवतात. अंग पुसताना रोज भिजायचा, ओलाच राहायचा. खालची कातडी सोलवटली होती. "आ दोरो काढवो पडशे, बेन," त्या गुजरातीत म्हणाल्या. दोरा काढावा लागणार होता. शिवाय तपासणीसाठी डागाचा तुकडा घ्यायचा होता.

तुकडा? ज्याचं रक्त थांबता थांबत नाही, त्याचा? हिला याच्यावर हात साफ करून घ्यायचाय, मला वाटलं. पण डाग पसरत होता. दोरा कापू दिला, सही केली.

बुरशीच निघाली, आतपर्यंत शिरलेली. शिरेतून औषध सुरू झालं, काळी पडलेली कातडी कापून काढली. "दोऱ्यामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला कशाला सांगताय! माझा गुन्हेगार कधीच ठरला होता. सासूबाईंना मी खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

जखम भरायला लागली, पेशी वाढायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांना बोलावलं. त्या मास्क लावून दारातच थांबल्या. दोन्ही हात पदराखाली. झालं! नवा दोरा आणला असणार.

"आई, हात दाखवा."

त्यांनी हात बाहेर काढले. रिकामे होते. त्यांचं मनगट मी कधी नाडाछडीशिवाय पाहिलं नव्हतं. आज तिथे नुसता फिकट पट्टा उरला होता.

"माझीही कापली गं," त्या म्हणाल्या. "आता तरी हात लावू दे त्याला."

मला रडूच फुटलं. तरी तोंडातून निघालंच, "आधी हात धुवा."