कॅसिनोबाहेरचा माणूस

कार्ड हातात देण्याआधी ते समोरच्याचे हात बघायचे. अगदी पुढे करायला लावून. "सर, चहाचा कप आदी खाली ठेवा. आन कडंला धरा, मधी बोट नको."

त्यांच्याकडे जुनी पोस्टकार्डं होती आणि सगळी एकाच विषयाची. अमेरिकेतल्या कॅसिनोंचे रस्ते, रात्रीचे, निऑनच्या दिव्यांनी पेटलेले. लाल, निळ्या, गुलाबी नळ्या वाकवून केलेली अक्षरं आणि खाली लांबलचक गाड्या. परभणीच्या आमच्या कॉलनीत कुणी मूर्ती जमवतो, कुणी पदं जमवतो. कॅसिनो जमवणारे हे एकटेच.

नोकरी वीज खात्यात, लाईनमनची. झरीकडच्या खेड्यांत सगळी हयात खांबावर गेली. पहिलं कार्ड हैदराबादेत सापडलं, साडूकडे गेले असताना, जुन्या बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे. पुढे दर खेपेला बायकोला बहिणीकडे सोडून हे रद्दी उपसायला जायचे. तो म्हाताराही लांबूनच ओरडायचा, "आओ मियाँ, तुमारा शहर आया!"

मी एकदा खवचटपणे विचारलं, "आत काय चालतं, ठाऊक आहे ना?"

"हाय की. पर आत कशाला जायाचं? आपण रस्त्यावर हावोत." मग कार्ड उजेडाकडे कलतं करून म्हणाले, "बगा, एक बी दिवा गेलेला न्हाई. जलमभर खांबावर चढलो सर, असा एक रस्ता आमच्याच्यानं झाला न्हाई."

त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मात्र एकही कार्ड पाहिलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ पत्त्यांच्या नादात घर सोडून गेला, तो परत आलाच नाही. रस्ता वेगळा आणि आतली खोली वेगळी, हा फरक त्यांना मान्य नव्हता. "जुगाराचे अड्डे हायेत ते. माज्या घरात दिसले न्हाई पायजेत." म्हणून अल्बम जिन्याखाली, मीटरच्या शेजारी राहायचा. हे त्यांना कधी उलटून बोलले नाहीत. मला एकदाच म्हणाले, "हिनं एक डाव बगावं, सर. बाकी काई न्हाई."

सत्काराला ते तयार झाले ते एवढ्यासाठीच.

आमच्या प्रभागातल्या एका होऊ घातलेल्या नेत्याचा वाढदिवस होता आणि त्यासाठी एक सत्कारमूर्ती हवी होती. फलकावर नेत्याचा चेहरा दरवाजाएवढा आणि यांचा पासपोर्टएवढा. पण पहिल्या रांगेत वहिनी येऊन बसणार होत्या. चारचौघांत तरी त्या मान फिरवणार नाहीत, असा यांचा हिशोब.

यांना फेटा बांधायला मागे नेलं, तेवढ्यात कार्यकर्त्यांनी अल्बममधली कार्डं काढून, मोठ्या प्रेमानं, थर्माकोलवर गोंदानं चिकटवली. ती पाटी मंचावर मधोमध ठेवली. निवेदकानं सवयीप्रमाणे जाहीर केलं, "आता मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन!" प्रतिमा आणायला सगळेच विसरले होते. मान्यवर मात्र उठलेले होते आणि तबकही आलेलं होतं. उठलेला मान्यवर तसाच खाली बसत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. समोर फ्रेमसारखं काहीतरी दिसत होतं. त्यांनी ओलं गंध लावलं, कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडून पाणी शिंपडलं. लास व्हेगासची अशी पूजा याआधी झाली नसावी.

मी हसलो. मग फेट्याखालचा त्यांचा चेहरा दिसला आणि पहिल्या रांगेत त्या चेहऱ्याकडेच बघत बसलेल्या वहिनी. टाळ्या संपेपर्यंत ते हात जोडून उभे होते.

ते गेले त्याला आता बरेच महिने झाले. शोकसभेत त्याच नेत्यानं त्यांना 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे' म्हटलं. मला आठवते ती सत्काराच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. मी चौकशीला गेलो, तर ओसरीवर ती पाटी आडवी ठेवलेली आणि वहिनी ओल्या कापसानं एकेका कार्डावरचं कुंकू पुसत होत्या.

"लोकांला काई कळतंय का हो, सर? ह्यांनी इतकं जपलेलं." आणि नवऱ्याला, "निगायलंय का?"

"निगायलंय. पूस."

निघत होतं ते नुसतं कुंकू नव्हे. कुंकवाबरोबर रंग निघत होता, कापूस निळा-गुलाबी झाला होता. मी तोंड उघडलं, तर यांनी माझ्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली.

"ही काय पेटलीय येवढी?"

"हाटेलाची पाटी हाय. त्या कमानीखालून गाड्या जातेत."

"आन ही बाई?"

"ती बी दिव्याचीच. रातभर पाय हलवती."

"शोभतंय का!" म्हणत वहिनींनी ओलाव्यानं सुटलेलं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. बोट अगदी मधोमध. यांनी कापूस पुन्हा ओला करून दिला. पुसता पुसता वहिनींचा हात थांबला.

"हितली पोरं हरल्यावर घरी कशी जात असतील हो?"

त्यांनी कार्ड हातात घेऊन उजेडाकडे कलतं केलं.

"चालत जातेत," ते म्हणाले. "दिवे हायेत की रस्त्याला."

कार्डावर तेव्हा फारसे दिवे उरले नव्हते.