खडोलीपलीकडची आकाशगंगा

गेली कित्येक वर्षं मी शाळेत आकाशगंगा शिकवतोय आणि ती मी स्वतः कधी पाहिलेली नाही. यात माझा दोष नाही. सिल्वासाजवळच्या सामरवरणीतल्या आमच्या गच्चीवरून कारखान्यांचे दिवे दिसतात आणि समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी.

आई गेल्यावर बाबांना मी धुळ्याकडच्या गावाहून सिल्वासाला आणलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"भाऊ, आभायमधली धवळी वाट दखाड. तुनी माय त्याच वाटे गयी."

आकाशगंगा म्हणजे गेलेल्यांची वाट, असं त्यांना लहानपणी सांगितलेलं. मी (खोड जात नाही) म्हणालो, "बाबा, ते अब्जावधी तारे आहेत. आपणही त्यांच्यातच आहोत, म्हणून त्यांचा पट्टा दिसतो."

"आपन बी तिनामाच? मंग तुनी माय जवळच शे."

मी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली. चंद्र नसलेला दिवस बघून, जेवणं उरकून, बाबा, माझी बायको सुनंदा आणि मी निघालो. खडोली गाव मागे पडलं, दिवे विरळ झाले. एका बांधाजवळ उतरलो, तर झाडांच्या वर खरंच लांबलचक पांढुरका पट्टा! माझा ऊर भरून आला. हात उंचावून मी वर्गातलं सगळं म्हणून दाखवलं. मधल्या काळसर भागाला तर मी ताऱ्यांमधली धूळ ठरवून टाकलं. बाबांनी टोपी काढून हात जोडले.

"अहो, ती हलतेय," सुनंदा म्हणाली.

"विश्वात सगळंच हलतं."

"वासही येतोय."

तोवर ती चार पावलं पुढे गेली होती. "इकडे या जरा. तुमच्या आकाशगंगेला चिमणी आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा, चुकलं माझं. कारखान्याचा धूर आहे तो, खालच्या दिव्यांत उजळलेला."

"मी पहिलेच वळखं. ऑपरेशन मना डोयानं व्हयनं, तुना नही."

"मग हात कशाला जोडलेत?"

बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तुनी मायनी जनमभर चूल फुकी. धूर दखा का तिनी याद येस."

परतताना मी गाडीच्या काचा उघड्याच ठेवल्या. मला आईची फार आठवण आली.

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलीय आकाशगंगा?"

"पाहिलीय की," मी म्हणालो. "जाताना तोंडाला रुमाल बांधून जा."